लगबगताईंची लेकरं

लगबगताईंना मुलं किती, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर अवलंबून होतं. कुणी सांगे, एकच मुलगी, फार उशिरा झालेली. कुणी सांगे, दोन मुली, त्यातली धाकटी गणिताला इतकी घाबरते की वही उघडली की तिला ताप भरतो. कुणी शपथेवर सांगे की जुळे मुलगे आहेत आणि त्यातला एक खडू खातो. ही सगळी माणसं शहाणीसुरती होती, आणि सगळ्यांनी हे खुद्द ताईंच्या तोंडून ऐकलेलं होतं.

खरं उत्तर होतं, एकही नाही. पण हे उत्तर आपल्या कामात चालत नाही, हे ताईंना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं.

ताई एका मोठ्या इस्पितळाच्या कॅन्सर विभागात समुपदेशक होत्या. दारावरच्या पाटीवर तसंच लिहिलं होतं, पण तो शब्द एका दमात म्हणणारा माणूस अजून त्या दारातून आत आलेला नव्हता. काम असं की एखाद्या तरुण मुलीला कॅन्सर निघतो. मोठे डॉक्टर म्हणतात, औषधं लवकर सुरू करायची. ही औषधं भारी गुणाची, पण आंधळी. दुखण्याला झोडपता झोडपता अंडाशयालाही दोन तडाखे देऊन जातात, आणि मग पुढे मूल हवंसं वाटलं तर ते होईलच असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून औषधांच्या आधी, मुलीची इच्छा असेल तर, रोज इंजेक्शनं देऊन तिची स्त्रीबीजं वाढवायची, ती काढून घ्यायची आणि गोठवून ठेवायची. या सगळ्याला मोठे डॉक्टर मोठ्या मनाने जेमतेम तीन आठवडे देत. त्यातले काही दिवस घरच्यांच्या रडण्यात जात, काही दिवस काकांच्या ओळखीतल्या शहाण्यांचं मत घेण्यात जात, आणि जे उरे त्यात ताईंनी मुलीला गाठायचं, समजवायचं, तिचं ऐकून घ्यायचं आणि हो किंवा नाही हे तिच्याच तोंडून काढायचं. त्यामुळे ताई चालत नसत, पळत. जिन्यात पळत, बोलताना पळत, चहासुद्धा पळत पळत पीत. वॉर्डातल्या मावशींनी ठेवलेलं लगबगताई हे नाव पुढे डॉक्टरांनीही उचललं आणि खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं वापरात राहिलं.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. दोन खुर्च्या, एक डुगडुगणारं स्टूल आणि टेबलावर गर्भाशयाचा प्लास्टिकचा नमुना, दोन्ही बाजूंना अंडाशयं लोंबणारा. एका मुलीच्या आजोबांनी तो टेबलावरचा दिवा समजून त्याचं बटण शोधलं होतं. ताईंना तेव्हा इतकं हसू आलं की पेन पडल्याचं निमित्त करून त्यांना टेबलाखाली जावं लागलं आणि पेन सापडायला बराच वेळ लागला. हसू हा ताईंचा जुनाच आजार. नको तिथे यायचं आणि आलं की आवरायचं नाही. जिथे माणसं डोळे पुसत येतात तिथे अशी खोड म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण मुलींना ती आवडे. आठवडाभर सगळ्यांचे लांबट चेहरे बघून त्या कंटाळलेल्या असत, आणि इथे एक पन्नाशीची बाई हसू दाबता दाबता लाल झालेली दिसे.

मुलींच्या आया मात्र तितक्या सोप्या नव्हत्या. ताईंचं सगळं सांगून झालं, नमुना फिरवून दाखवून झाला, की आई घसा खाकरे आणि विचारे, तुम्हाला मुलं किती? पहिल्या आठवड्यात ताईंनी खरं सांगितलं. ती आई उठली, हात जोडले आणि म्हणाली, मग तुम्हाला काय कळणार बाई आमचं. गेली ती गेलीच, मुलीलाही घेऊन गेली. पुढच्या वेळी ताईंनी घाबरून दोन सांगितली, तर आई खूश झाली आणि मुलगीच फुरंगटली. तुमचं बरं आहे, म्हणाली, तुमचं आधीच होऊन गेलंय. इकडे आड तिकडे विहीर. मग ताईंनी अक्कल चालवली. समोरच्या माणसाच्या मापाने मुलं द्यायची. एकुलती एक मुलगी घेऊन आलेल्या आईला एकुलती एक मुलगी. चाळिशीत बाळंत झालेल्या आईला उशिरा झालेली. फारच उदास घर असेल तर जुळे, कारण जुळ्यांचं नाव काढलं की कुणीही थोडंसं हसतंच.

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, असं म्हणतात. ताईंनी ते इतकं रेटलं की मुलांना सवयी आल्या, खोड्या आल्या, दुधाचे दात पडले. ताईंचे यजमान मोटार चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाशेजारी बसून वर्षानुवर्षं जीव मुठीत धरल्यामुळे त्यांचा कशालाच धक्का बसत नसे. एकदा दुकानात एका अनोळखी बाईंनी त्यांना थांबवून जुळ्यांची चौकशी केली. त्यांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. ताई बटाटे निवडण्यात गढून गेलेल्या. तेव्हा ते म्हणाले, एकाला सर्दी झाली आहे, दुसऱ्याला होणार आहे. बाई हळहळून गेल्या. नवरा-बायको घरी पोचेपर्यंत रस्त्यात तीनदा थांबून हसले.

आता कुणाला वाटेल की या हसण्याखाली केवढं दुःख दडलंय. तर तसं काही नव्हतं, आणि हीच ताईंची अडचण होती. एके काळी दुःख होतं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी दोघांनाही पास केलं, तरी निकाल काही लागला नाही. तेव्हा ताई मोरीत नळ सोडून रडत, आणि यजमान बाहेर उगाच गाडी पुसत बसत. मग केव्हातरी, नेमकं केव्हा ते दोघांनाही आठवत नाही, नळ कारणाशिवाय सोडणं बंद झालं. आता त्यांचं बरं चाललं होतं. चांगलं चाललं होतं. सुटीच्या दिवशी दोघं उशिरापर्यंत झोपत आणि उठल्यावर कुणाच्या शाळेची चिंता नसे. हे सुख ताईंनी आजवर एकाही मुलीला सांगितलेलं नव्हतं. दिवसभर बीजं जपून ठेवायचा पर्याय समजवायचा, आणि त्याच तोंडाने मुलं नसली तरी काही बिघडत नाही म्हणायचं, तर मुलींनी ऐकायचं कुठलं? म्हणून त्यापेक्षा जुळे बरे.

ताईंचा एक नियम मात्र पक्का होता. हो की नाही हे विचारायच्या वेळी खोलीत मुलगी आणि ताई, तिसरं कुणी नाही. नातेवाईक बाहेर काढायच्या त्यांच्याकडे नाना युक्त्या होत्या. बापाला सांगायचं, तुमची गाडी कुणाच्या तरी आडवी लागलेली दिसते. आत्याला सांगायचं, बाहेर पिशव्यांकडे कुणीतरी बघायला हवं. आईला शेजारच्या नर्सकडे पाठवायचं, तुमचा रक्तदाब बघून घ्या, चेहरा उतरलाय. नर्सला आधीच सांगून ठेवलेलं असे की सावकाश बघ.

पण इस्त्रीवाल्या बाईंपुढे या सगळ्या युक्त्यांनी हात टेकले. या बाईंचं इस्त्रीचं दुकान होतं आणि नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने त्या दुकानावर लेक वाढवली होती. लेक मोठी होऊन लिफ्टवाली झाली. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला लागली, कमरेला पट्टा बांधून उंच इमारतींच्या पोटात उतरायला लागली. हेल्मेटचा पट्टा मानेला काचायला लागला म्हणून तिने हात लावून पाहिला तर तिथे गाठ. सव्वीस वर्षांची मुलगी, खांद्याने दार ढकलून आत येणारी, आणि ताईंच्या खोलीत आली की मुकी. जे बोलायचं ते आई बोले. बीजं ठेवायची का? ठेवायची, आई म्हणे. इंजेक्शनं पोटात घ्यावी लागतील. घेईल, आई म्हणे. रक्तदाब बघून घेता का? घरीच यंत्र आहे, आई म्हणे. आणि बोलता बोलता टेबलावरचं कापड, मुलीची बाही, ताईंची फाइल, जे हाताला येईल ते तळव्याने सपाट करत राही. तिनेही विचारलं, मुलं किती? ताईंनी घराकडे बघून जुळे दिले. आई हसली. लिफ्टवालीने नमुन्याकडे बघितलं आणि म्हणाली, बघू.

दोन भेटी झाल्या तरी ती बघूच्या पुढे जाईना. आणि आज तर शेवटचा दिवस होता. मोठ्या डॉक्टरांनी औषधाची तारीख ठरवून टाकली होती, ती मागे-पुढे होणार नव्हती. इंजेक्शनं आजपासून सुरू झाली तरच त्या तारखेच्या आत सगळं बसणार होतं. बीजं गोठवणारे डॉक्टर, ज्यांना सगळे थंडे डॉक्टर म्हणत, ते तळमजल्यावर बॅग भरून बसले होते. त्यांना गावाला जायचं होतं. तुमच्या मुलीला घेऊन खाली या, म्हणाले, हो असेल तर पहिलं इंजेक्शन देतो, नाही असेल तर नाही, पण मला कळू द्या.

ताईंनी लिफ्टवालीला शेवटचं विचारलं. ती म्हणाली, मला नको. का ते सांगेना. आईचा तळवा टेबलावर होता तिथेच थांबला. ताईंना मुलीचा नकार चालला असता, आजवर कितीतरी मुलींचे नकार त्यांनी निमूट लिहून घेतले होते. पण हा नकार त्यांना कच्चा वाटला. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा कान तयार झाला होता. त्या म्हणाल्या, चला, डॉक्टरांना तूच तोंडाने सांग. मनात बेत असा की तळमजल्यावर पोचलं की आईला औषधाच्या दुकानात पिटाळायचं आणि मुलीला एकटीला गाठायचं. एवढाच वेळ हातात होता.

लिफ्टमध्ये तिघी शिरल्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि आत आल्या बँकवाल्या बाई. यांच्या मुलीला ताईंनी दोनेक वर्षांपूर्वी समजावलं होतं, मुलगी आता ठणठणीत होती आणि आज नुसत्या तपासणीसाठी आत गेली होती. बँकवाल्या बाईंचा आवाज मुळातच काउंटरच्या काचेपलीकडे पोचण्यासाठी कमावलेला. त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले, दार बंद झालं, लिफ्ट निघाली, एक गचका बसला आणि लिफ्ट थांबली. पंखा थांबला. दिवा तेवढा राहिला.

लिफ्टवालीने आधी सगळ्यांना दारापासून मागे सरकवलं. घंटेचं बटण दाबलं, भिंतीतल्या फोनवर दोन वाक्यं बोलली आणि मग सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, लिफ्ट अडकते ती माणसांना वाचवण्यासाठीच अडकते, फक्त दार ओढायचं नाही. माणूस येतोय. पाच-दहा मिनिटांत सुटू. ही पाच-दहा मिनिटं पुढे चांगलीच लांबली, पण ते तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. आजवरच्या भेटींत ती पहिल्यांदाच इतकं बोलली होती. आईने अभिमानाने बँकवाल्या बाईंकडे पाहिलं.

बँकवाल्या बाईंना आता गप्पांना निवांत वेळ मिळाला. त्यांनी प्रेमाने विचारलं, ताई, तुमची धाकटी कशी आहे? अजून गणिताला घाबरते?

ताई म्हणाल्या, बरी आहे.

धाकटी कुठली, इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, यांना तर जुळे मुलगे आहेत.

ताईंनी लिफ्टच्या छताकडे बघितलं. तिथून मदत येणार होती, पण अजून आलेली नव्हती. त्या म्हणाल्या, हो, म्हणजे, जुळेही आहेत. बँकवाल्या बाई थक्क झाल्या. दोन मुली आणि वर जुळे, आणि एवढं सगळं सांभाळून या नोकरी करतात. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. कारण त्यांना आठवलं की बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या एका बाईंनी त्यांना सांगितलं होतं, ताईंना एकच, फार उशिरा झालेली. बँकेत आयुष्य गेलेलं, जमाखर्च जुळला नाही तर त्यांना घास गिळत नसे. त्या बोटांवर मोजायला लागल्या. इस्त्रीवाल्या बाई त्यांना मदत करायला लागल्या. दोघींची बेरीज पाचवर आली.

लिफ्टवाली कोपऱ्यात टेकून हे सगळं ऐकत होती. तिने भिंतीवरची सहा माणसांची पाटी बघितली आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "बरं झालं ताईंनी मुलांना बरोबर आणलं नाही. जागेवरून हललोच नसतो."

झालं. ताईंचा बांध फुटला. आधी नाकातून एक आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग त्या भिंतीला धरून खाली वाकल्या. लिफ्टवालीनेही इतका वेळ धरून ठेवलं होतं, ती फुटली. बँकवाल्या बाई कारण न कळता हसायला लागल्या, कारण बंद जागेत हसू सर्दीसारखं पसरतं. एकट्या इस्त्रीवाल्या बाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

हसू ओसरलं तेव्हा लिफ्टवालीने डोळे पुसत विचारलं, "खरं किती आहेत?"

ताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. पळायला जागा नव्हती. "एकही नाही," त्या म्हणाल्या.

 मग इस्त्रीवाल्या बाई बोलल्या आणि त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. म्हणजे बाकीचंही सगळं असंच का, त्यांनी विचारलं. ती इंजेक्शनं, ती बीजं, तो गोठवायचा कारभार, सगळं आमच्या तोंडाकडे बघून ठरवलेलं? माझ्या लेकीचा जीव आहे, आणि तुम्ही आम्हाला खडू खाणारा पोरगा सांगता? ताईंची पाचावर धारण बसली. त्या म्हणाल्या की औषधाचं सांगितलं ते शब्दन् शब्द खरं आहे. बीजं ठेवली म्हणजे मूल होईलच असं नाही, हेही सांगितलं होतं, सगळं तोंडाकडे बघून असतं तर ते का सांगितलं असतं? खोटी फक्त मुलं. चूक झाली. तुम्ही चिडलात ते बरोबर आहे. बँकवाल्या बाईंनी मध्ये पडून सांगितलं की त्यांच्या मुलीला सांगितलेलंही सगळं तसंच झालं होतं. पण इस्त्रीवाल्या बाईंनी तोंड फिरवलं होतं. ताईंना वाटलं, गेलं. ही मुलगी आता हो म्हणत नाही आणि माझ्या मूर्खपणामुळे म्हणत नाही. त्यांना इतकं वाईट क्वचितच वाटलं होतं.

लिफ्टवाली मात्र त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

"वाईट वाटतं का?" तिने विचारलं. "मुलं नसल्याचं."

ताईंच्या जिभेवर काहीतरी मापाचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"पूर्वी फार वाटायचं," त्या म्हणाल्या. "आता नाही वाटत. आम्ही दोघं मजेत असतो. हे मी इथे कुणाला सांगत नाही, कारण मला वाटतं, हे ऐकलं की मुली म्हणतील, मग ठेवायचीच कशाला. पण खरं विचारशील तर दोन्हीही होऊ शकतं. मुलं असूनही बरं चालतं, नसूनही चालतं. ठेवलेली बीजं वापरलीच पाहिजेत असं काही नाही. नुसती दार उघडं ठेवायची सोय आहे. तू त्या दारातून जा, नाहीतर जाऊ नकोस."

लिफ्टवाली खाली फरशीवर मांडी घालून बसली. मग इतक्या दिवसांचं साठलेलं बोलायला लागली. मुलं हवीत की नकोत हे तिला माहीत नव्हतं आणि त्याचं तिला ओझंही नव्हतं. तिचा घोर वेगळाच होता. तिने आईकडे मान वळवली. आई, तू इतकी हो हो का म्हणतेस, तिने विचारलं. आईने सांगितलं, तुला पुढे आपलं मूल असावं म्हणून. लिफ्टवाली म्हणाली, आज इथे सगळ्यांचं खरं निघालंय, तुझंही निघू दे.

इस्त्रीवाल्या बाईंनी पदर सावरला. मग त्या लेकीच्या शेजारी खाली बसल्या. एवढ्याशा जागेत बसताना त्यांचा गुडघा ताईंच्या पायावर आला आणि ताईंनी पाय हलवला नाही.

"तुझं काहीतरी मागे राहावं म्हणून," त्या म्हणाल्या. "तू नसलीस तर. मला तुझ्यातलं काहीतरी राहायला हवं होतं गं."

"तेच मला दिसत होतं," लिफ्टवाली म्हणाली. "तू हो म्हणालीस की मला वाटायचं, आई माझं सामान आवरायला लागली. म्हणून मला ते नकोच झालं होतं."

बँकवाल्या बाई भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरायला लागल्या. इस्त्रीवाल्या बाई रडत होत्या. ताईंचा नियम मोडून पडला होता. खोलीत तिसरं माणूसच काय, चौथंही होतं, आणि मुलगी पहिल्यांदा मनातलं बोलत होती. ताईंच्या कामात एक प्रश्न असे जो त्या नेहमी शेवटी आणि एकटीला विचारत. आज तो इथेच विचारायला हवा होता. त्यांनी सांगितलं की बीजं ठेवताना मुलीने आणखी एक गोष्ट ठरवायची असते. तिला काही झालं, तर त्या बीजांचं काय करायचं. हे आई ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाहीत, पुढे नवरा असला तर तोही ठरवत नाही. ज्याचं त्याने.

लिफ्टवालीने मान वर केली. "मी सांगेन तेच होणार?"

"तू सांगशील तेच लिहून घेतात."

 वर कुठेतरी लोखंड वाजलं आणि एक जाडा आवाज आला. तिच्याच कंपनीचा उस्ताद होता. आत कोण कोण आहे, त्याने ओरडून विचारलं. लिफ्टवालीने ओरडून स्वतःचं नाव सांगितलं. त्यावर उस्ताद असा काही हसायला लागला की त्याच्या हातातली पकड छतावर पडली. लिफ्टवाली अडकली लिफ्टमध्ये, हे आता कंपनीत वर्षभर पुरणार होतं. लिफ्टवालीने त्याला चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. आईनेही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग लेक ताईंकडे वळली.

"मी ठेवते," ती म्हणाली. "पण मी नसले तर ती टाकून द्यायची. ती माझी आहेत, माझ्या पुढच्यासाठी आहेत. मी घेईन नाहीतर घेणार नाही. आईला माझ्याबदली म्हणून ती द्यायची नाहीत. आईला मीच मिळायला हवी."

आईने तिची बाही तळव्याने सपाट केली. लिफ्टने पुन्हा एक गचका खाल्ला, पंखा फिरायला लागला आणि चौघी हळूहळू खाली उतरायला लागल्या.

दार उघडलं तेव्हा समोर बघ्यांची गर्दी होती. त्या गर्दीला ढकलत लगबगताई धावल्या, त्यांच्या मागे लिफ्टवाली धावली, तिच्या मागे इस्त्रीवाल्या बाई, आणि बँकवाल्या बाईही धावल्या. त्यांचा खरं तर काही संबंध नव्हता. पण आता त्यांना शेवट कळल्याशिवाय घरी जाववणार नव्हतं. थंडे डॉक्टर बॅग खांद्याला लावून खोलीला कुलूप घालत होते. ताईंना इतका दम लागला होता की त्यांनी नुसता हात हलवला. हो की नाही, डॉक्टरांनी विचारलं. सवयीप्रमाणे ताईंनी तोंड उघडलं, सवयीप्रमाणे आईने तोंड उघडलं, आणि दोघींनीही एकदमच मिटलं.

"हो," लिफ्टवाली म्हणाली.

डॉक्टरांनी कुलूप काढलं. आत गेल्यावर त्यांनी पद्धतीप्रमाणे सगळं पुन्हा विचारलं, आणि शेवटचा प्रश्नही विचारला. लिफ्टवालीने लिफ्टमध्ये सांगितलं होतं तेच सांगितलं. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. निर्णय मुलीचाच आहे, ते म्हणाले, पण याचा अर्थ तुम्हाला कळला ना? उद्या काही झालं तर तुमच्या हातात काहीच राहणार नाही.

इस्त्रीवाल्या बाई पुढे आल्या. लेकीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मघाशी रडून त्यांचे डोळे सुजले होते, नाक लाल झालं होतं, पण चेहऱ्यावर काहीतरी उनाडासारखं हसू यायला बघत होतं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "तिचं ती बघेल. ती असणारच आहे बघायला."

लिफ्टवालीने मागे न बघता आईच्या हातावर हात ठेवला. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली.